तुपाखालचा काळा रंग

टर्पेंटाइनचा वास आला की मला भूक लागते. हे मी एकदा आमच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "काकू, असा आजार पुस्तकात नाही." नसेल. पुस्तक लिहिणाऱ्यानं नालवाडीच्या दोन खोल्यांत श्रावण कुठे काढला होता? भिंतींना ओल, दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस दमट, आणि अख्ख्या घरात कोरडी जागा एकच, चुलीच्या वरची फळी. रंगवलेले लाकडी बैल वाळायला तिथेच ठेवावे लागत. खाली कढईत वडे, वर फळीवर बैल. वर्षानुवर्षं दोन्ही वास एकत्रच नाकात गेले, ते आता वेगळे होत नाहीत.

परवा सुनेनं दारांना रंग द्यायला माणूस बोलावला. त्यानं बाटलीचं बूच काढलं आणि मी उठून चिवड्याचा डबा उघडला. सून बघतच राहिली. मग कॅलेंडरकडे नजर गेली, तर पोळा तोंडावर आलेला. नाकाला माझ्याआधी कळलं होतं.

बाहेरगावच्या लोकांना आमचा पोळा समजावून सांगावा लागतो. मोठा पोळा खऱ्या बैलांचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. लाकडाचा बैल, खाली फळी, फळीला चाकं, गळ्यात दोरी. पोरं नवे कपडे घालून आपापला बैल ओढत मारुतीच्या देवळापुढे आणतात, तोरणाखाली रांगेनं उभा करतात आणि मग घरोघर बोजारा मागत हिंडतात. कुणी खाऊ देतं, कुणी सुटे पैसे. आता बाजारात प्लॅस्टिकचे बैल आले आहेत, सगळे एका साच्यातले, सगळ्यांच्या तोंडावर तेच हसू. बैल कधी हसतो का? मी दुकानदाराला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "आजी, घ्याचा असन तं घ्या." मी घेतला नाही.

माझे बाबा पुलगावला पाट्या रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणूक आली की भिंती. अक्षराची कड ते ओढत आणि आतला रंग मी भरत असे. कडेबाहेर रंग गेला तर ते ओरडत नसत, नुसतं "हं" म्हणत, आणि ते "हं" मला थपडेपेक्षा जास्त लागायचं. त्यामुळे हात बसला. लग्न होऊन मी वर्ध्याला, नालवाडीला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत शालूखाली जुने ब्रश होते. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. आमच्या ह्यांची नोकरी नेमकी पुलगावात. ते रोज पॅसेंजरनं अपडाऊन करत. मी माहेराहून वर्ध्याला आले आणि नवरा रोज माझ्या माहेरच्या गावाला जातो, या गोष्टीचा मला पहिली दोन-तीन वर्षं भारी राग होता.

घरात आम्ही चौघं. हे, मी, माझे सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. आणि घराला लागून, एकाच प्लॉटवर, तस्संच दुसरं घर. त्यात मामाजींचे धाकटे भाऊ राहत, महादेवराव, म्हणजे आमचे काकाजी, काकीजी आणि त्यांचा शाळकरी मुलगा. दोन्ही अंगणांच्या मध्ये खांद्याएवढी विटांची भिंत. भिंतीवरून भाजीच्या वाट्या जात-येत, सासूबाई आणि काकीजी तासन्‌तास बोलत, पण दोघं भाऊ एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. सकाळी दोघंही आपापल्या अंगणात दात घासायला उभे राहत, भिंतीच्या दोन बाजूंना, आणि दोघंही आभाळाकडे बघत.

याचं कारण मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं, कारण ते नालवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. सेलूच्या पुढे त्यांचं गाव. वडील गेल्यावर वाटणी झाली. शेत वाटलं, भांडी वाटली, आणि गोठ्यातल्या जोडीपाशी दोघं अडले. पांढरी, गवळाऊ जातीची जोडी होती, वडिलांच्या हातची. दोघांनाही ती हवी, आणि दुसऱ्याला मिळू द्यायची नाही. पंचांनी हात जोडले. शेवटी या दोन शहाण्यांनी जोडी फोडली. एक बैल याला, एक त्याला. जो बैल आयुष्यभर जुवाच्या डाव्या बाजूला चालला तो उजवीकडे एक पाऊल टाकेना, आणि दोघांनी आणलेले नवे जोडीदार जुन्याच्या चालीला लागेनात. दोन हंगामांत दोघांचेही बैल विकले गेले, शेतं बटईनं दुसऱ्यांना कसायला गेली, आणि दोघं भाऊ वर्ध्याला येऊन एकाच प्लॉटवर दोन घरं बांधून अबोल्यानं राहू लागले. लांब जायचंही नाही आणि बोलायचंही नाही. अशी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

त्याच वाटणीत आणखी एक जोडी फुटली होती, लाकडी. त्या दोघांच्या लहानपणी वडिलांनी सागाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेले वीतभर उंचीचे दोन बैल. मामाजींनी एक उचलला, काकाजींनी एक. आमच्याकडचा देवघराखालच्या फडताळात असे. मी पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा त्याला एक पाय नव्हता, एक कान तुटलेला, आणि अंगावर पांढऱ्या रंगाचे इतके थर की तो बैल आहे की रव्याचा लाडू, ते कळेना.

"याच्या जोडीचा कुठं आहे जी?" मी मामाजींना विचारलं.

"मेला."

"लाकडाचा बैल मेला कसा जी?"

"मेला म्हणलं ना."

सासूबाईंनी हनुवटीनं भिंतीकडे खूण केली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

त्याचा पाय मी बसवला, आणि तिथून माझा नाद सुरू झाला. बांबूची खुंटी तासून सरसानं बसवायची, फटीत लांबी भरायची. लांबी मी घरीच मळत असे, खडूची पूड आणि जवसाचं तेल, पोळीच्या कणकेहून थोडी घट्ट. मग पॉलिशपेपर, मग पहिला हात, मग दुसरा, आणि डोळे अगदी शेवटी. डोळ्यांसाठी बारीक ब्रश आमच्या गल्लीतल्या रंगारी सरांनी दिला. ते शाळेत ड्रॉइंग शिकवत. त्यांच्या मुलीची कचकड्याची बाहुली मी नीट करून दिली होती, त्याची परतफेड. झिरो नंबरचा ब्रश, दोन केसांएवढं टोक. श्वास रोखायचा, टेकवायचा आणि उचलायचा. जराही हलला तर बैल घाबरल्यासारखा किंवा रागावल्यासारखा दिसायचा. सिंदी मेघ्याच्या एक बाई आपला बैल घ्यायला आल्या, त्याच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तं आमच्या जावयावानी पाह्यते." मी म्हटलं, बदलून देऊ का? तर म्हणाल्या, "राहू द्या. जावई चांगला हाय."

गोष्ट कानोकानी गेली. श्रावण लागला की आमच्या ओसरीवर मोडके बैल येऊन पडू लागले. शिंग मोडलेले, चाक गेलेले, एक तर अर्धा जळलेला, शेकोटीत पडला होता म्हणे. बैलांच्या मागून दुसरी मंडळी आली. चावीची आगगाडी, जिचं इंजिन फक्त उलटं धावे. बोटाएवढे मातीचे बंडीवाले, म्हणजे बैलगाडी हाकणारे, धोतर-पागोट्याचे, रंग उडून भुतासारखे झालेले. त्यांच्या मिशा रंगवण्यात तर मी दिवस घालवला आहे. एकाची मिशी वर वळवली, एकाची खाली, एकाला ठेवलीच नाही, आणि तो सगळ्यांत देखणा दिसला. हे संध्याकाळच्या गाडीनं दमून यायचे, ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही, म्हणायचे, "आपल्या घरी बैलांचा दवाखाना उघडला. एखादा बेड मले पण द्या." पैसे मी घेतले नाहीत. रंगाच्या डब्या मात्र लोक आपणहून आणून देत, त्यामुळे ज्याच्या दाराचा जो रंग उरला असेल तोच बैलाच्या झुलीला. त्या वर्षांत नालवाडीतल्या बैलांच्या झुली आणि दारं एकाच रंगाची होती, कुणी निरखून पाहिलं असतं तर कोणता बैल कोणत्या घरचा ते न विचारता कळलं असतं.

मी सुखात होते. हे सरळ सांगून टाकते, कारण त्या वयातल्या सुनेनं सुखात होते म्हणणं लोकांना खरं वाटत नाही. पाऊस पत्र्यावर पडतोय, मांडीवर वर्तमानपत्र, हातात एखाद्याचा लहानपणीचा बैल, आणि सासूबाई आतून "सुमन, चहा घे वं" म्हणताहेत. याहून अधिक काय लागतं माणसाला, ते मला अजून कळलेलं नाही.

एकच दुखणं होतं. आमच्या घरचा बैल. मी त्याला कितीही निगुतीनं रंगवलं तरी पुढच्या वर्षी मानेच्या मागे, खांद्यावर, रंगाचा पापुद्रा सुटलेला असे. बाकी अंग गुळगुळीत, आणि खांद्यावर खरूज.

कारण समोरच होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखलेले बैलांचे खांदे तूप-हळदीनं, पळसाच्या पानानं शेकायचे, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मामाजींच्या गोठ्यात बैल उरले नव्हते, गोठाच उरला नव्हता. पण खांदशेकणी त्यांनी सोडली नाही. अंगणात पाट मांडून त्यावर तो लाकडी बैल ठेवत, पळसाच्या पानावर कोमट तूप घेत आणि त्याच्या वीतभर देहाचा खांदा शेकत बसत. मग हात जोडून म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि त्याच वेळी भिंतीच्या पलीकडून तेच शब्द येत. काकाजीही आपल्या पाटापुढे बसलेले असत. दोन म्हातारे, दोन बैल, मधे भिंत. दोघंही आपापल्या लाकडाला जेवायला बोलवत होते.

तूप मुरलेल्या लाकडावर ऑइलपेंट धरत नाही, हे मी मामाजींना समजावून पाहिलं. म्हटलं, नुसतं पान फिरवा जी, तूप नका लावू. ते म्हणाले, "कोरडा खांदा कोणी शेकते का? तू रंगाचं पाह्य, मी बैलाचं पाह्यतो." संपलं. माझ्या आधी सासूबाई त्या जागेवर चुन्याचा हात फिरवून वेळ निभावून नेत. आता ते काम माझ्याकडे आलं होतं.

मामाजी तसे गोड माणूस. पण एक वाक्य त्यांचं ठरलेलं होतं, आणि ते आलं की त्यांचा आवाज बदलायचा. "वाटणीत मी माहा बैल तेवढा घेतला. दुसऱ्याच्या वस्तूले हात नाई लावला." भावाविषयी जे काही म्हणायचं ते त्यांनी त्या एका वाक्यात घालून ठेवलं होतं. लहानपणी बैल कसे होते तेही सांगत. "माहा तांबडा होता. कपाळावर पांढरी चांदणी. माद्याचा काळा कुट्ट." माद्या म्हणजे काकाजी, महादेवराव. पुढे ज्या वर्षी घरी पांढरी गवळाऊ जोडी आली, त्या वर्षी वडिलांनी हौसेनं लाकडी बैलही पांढरे करून टाकले होते, खऱ्या जोडीसारखे. तेव्हापासून ते पांढरेच.

त्या वर्षी, म्हणजे माझ्या नादाला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा, माझ्या मनात आलं की मामाजींना त्यांचा तांबडा बैल परत द्यावा. सगळे थर काढायचे, खालची चांदणी जपायची, आणि खांदशेकणीला पाटावर एकदम तांबडा बैल ठेवायचा. कुणाला सांगितलं नाही. दुपारी मामाजी झोपले की मी ओसरीच्या कोपऱ्यात बसून खरडत असे. खांद्यापासून सुरुवात केली, कारण तिथे रंग सुटलेलाच होता. काचेच्या तुकड्यानं एक एक थर निघत गेला. पांढरा, त्याच्याखाली जरा पिवळट पांढरा, मग चुना.

आणि त्याच्या खाली काळा.

मला वाटलं, तुपाची काजळी असेल. टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं. काळा चमकायला लागला. पोटाखाली खरडलं, काळा. कपाळावर जिवाच्या आकांतानं खरडलं, चांदणी कुठेच नाही, काळा कुट्ट.

मी तशीच बैल पदराखाली घेऊन सासूबाईंकडे गेले. त्या मागच्या दारी तरोट्याची भाजी निवडत होत्या. मी बैल पुढे केला. त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा हात थांबलासुद्धा नाही.

"आई, हा तर काळा आहे."

"हाय."

"म्हणजे हा काकाजींचा. तुम्हाला माहीत होतं?"

"खांद्यावर चुना मीच लावत होती ना वं," त्या म्हणाल्या.

दोन्ही पांढरे, दोन्ही एकसारखे. वाटणीच्या रागात दोघांनी एक एक उचलला, आणि दोघांनीही दुसऱ्याचाच उचलला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकच वाक्य मिरवलं, तो इतकी वर्षं भावाच्या बैलाचे खांदे शेकत होता.

सासूबाईंनी भिंतीपाशी जाऊन काकीजींना हाक मारली. काकीजी जरा भित्र्या. सगळं ऐकून त्यांनी आधी आपल्या घराकडे वळून पाहिलं, मग आत गेल्या, आणि थोड्या वेळानं भिंतीवरून एक टोपली आली. वर भाजी, खाली त्यांचा बैल. मी त्याच्या कानामागे काच फिरवली. गेरूचा तांबडा निघाला. कपाळावर हलक्या हातानं घासलं, तर तांबड्यात एक पांढरा ठिपका, तांदळाएवढा, मग वाटाण्याएवढा.

"झाकून टाक माय," काकीजी म्हणाल्या. "दोन्ही पांढरे कर अन् ठेवून दे. हे आइकतीन तं म्हणतीन, त्यानं मुद्दाम नेला माहा. आता नुसते बोलत नाई, मंग भिंतच उंच करतीन."

मलाही भीती वाटत होती. ते नुसतं खेळण्याचं प्रकरण नव्हतं. मामाजींना रक्तदाबाचा त्रास, आणि त्याहून मोठी गोष्ट, मी त्यांचं ते वाक्य काढून घेणार होते. म्हाताऱ्या माणसाकडे अशी वाक्यं किती असतात? ते काढून घेतल्यावर त्यांच्याकडे काय उरेल, हे मला माहीत नव्हतं. आणि उलटं घडलं, तर भिंतीवरच्या वाट्यासुद्धा बंद होतील, हेही दिसत होतं. पांढऱ्या रंगाची डबी माझ्या हाताशीच होती. दोन हात दिले असते की सगळं जसंच्या तसं.

सासूबाईंनी भाजीचे देठ सुपातून झटकले. "मी चुना लावत राह्यली, कारण तवा दोघंही तापलेले होते. आता म्हातारे झाले. अजून किती दिस झाकू? सुमन, जो ज्या रंगाचा हाय, त्या रंगाचा कर. इतकी वर्षं आपण गप राह्यलो, आता बैलालेच बोलू दे."

मग मी जे रंगकाम केलं, तसं आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. काळा रंग वाटतो तितका सोपा नसतो. नुसता काळा दिला तर बैल कोळशाचा दिसतो. मी त्यात किंचित निळा मिसळला, छातीपाशी जरा तपकिरी. तांबड्यावर जुना गेरू होता तितका राखला, जिथे गेला होता तिथेच हात दिला, आणि चांदणीला ब्रश लावलाच नाही. ती त्यांच्या वडिलांच्या हातची होती. दुपारी रंगवायचे, संध्याकाळच्या आत फडक्याआड धान्याच्या कोठीमागे ठेवायचे. दमट हवेत रंग वाळेना. चुलीवरच्या फळीवर ठेवले असते तर मामाजींनी पाहिलं असतं, म्हणून मामाजी बाहेर गेले असताना मावळतीच्या उन्हाची तिरीप आली की सासूबाई ते उचलून खिडकीत ठेवत. त्या वर्षी मी दुसऱ्या कुणाचे बैल घेतले नाहीत. लोक विचारत, मी म्हणे, दवाखान्यात सीरियस केस आहे.

खांदशेकणीची संध्याकाळ आली. पाऊस उघडला होता. काकीजींचा तांबडा भाजीच्या टोपलीतून परत गेला. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, अंगणात पाट मांडला, पळसाची पानं घेतली, आणि हाक मारली, "सुमन, बैल आण."

मी काळा बैल नेऊन पाटावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरले. पलीकडेही पाट सरकल्याचा आवाज झाला.

मामाजी बघत राहिले. त्यांनी बैल उचलला, उलटा केला, पोटाखाली पाहिलं. कपाळावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"खाली हाच रंग होता जी," मी म्हटलं. "मी माझा नाही लावला."

वाटीतलं तूप थिजायला लागलं. पलीकडूनही आवतनाचे शब्द येईनात. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा मी त्या दिवसाइतका पांढरा कधी पाहिला नाही. मला वाटलं, झाकायला हवं होतं.

मामाजी उठले. बैल हातात घेऊन भिंतीपाशी गेले.

"माद्या."

पलीकडे काकाजी भिंतीपाशी आले. मग त्यांचा आवाज आला. "काय?"

"तुहा बैल माह्यापाशी हाय."

"माह्यापाशी तुहा हाय. चांदणीचा."

"मले वाटलं होतं, मी माहाच घेतला."

"मलेबी तसंच वाटलं ना."

मला मामाजींची पाठ आणि भिंतीपलीकडे काकाजींचं डोकं तेवढं दिसत होतं.

"खांदा शेकला का त्याचा?" मामाजींनी विचारलं.

"दरसाल शेकतो."

"मीबी तुह्याचा शेकतो. तूप कमी नाई करत. सुमन रागावते."

मग ते परत येऊन पाटापुढे बसले. पान तुपात बुडवलं आणि काळ्या बैलाचा खांदा शेकला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. माझा नवा रंग त्या तुपाखाली चमकत होता आणि मला ठाऊक होतं की वर्षभरात तो जाणार. शेवटी त्यांनी हात जोडले आणि बैलाला म्हणाले, पण आवाज मोठा काढला, नेहमी काढत त्याहून कितीतरी मोठा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि भिंतीपलीकडून काकाजी म्हणाले, "येतो."

दुसऱ्या दिवशी ते आले. धुतलेला सदरा, बगलेत तांबडा बैल. पुरणपोळीवर तूप पडेपर्यंत दोघंही हवापाण्याचं बोलले. मग काकाजींनी बैल पुढे सरकवला, "घे, तुहा." मामाजींनी त्याला हातात घेतलं, चांदणीवर बोट टेकवलं, आणि परत त्यांच्यापुढे ठेवला. "राहू दे. तुह्याच घरी राह्यला तो. इथं नाई करमणार त्याले." काकाजींनी काळा मागितला नाही. त्यांनी फक्त त्याचे डोळे पाहिले आणि मला म्हणाले, "चांगला पाह्यते वं." इतक्या वर्षांत कुणी केलेली याहून मोठी तारीफ मला आठवत नाही.

भिंत तशीच राहिली. पण सकाळी दात घासताना दोघं आता आभाळाकडे बघत नसत. मामाजी विचारत, "माहा बैल कसा हाय?" काकाजी म्हणत, "मजेत. तुह्यापाशी माहा?" आणि तिथून जे बोलणं सुरू होई ते कापसाचा भाव, दुखरे गुडघे, गावचं पाणी करत करत चहा गार होईपर्यंत चाले. सासूबाई आतून म्हणत, "झाली का बैलांची चौकशी?" मामाजींचं ते जुनं वाक्य मात्र मी पुन्हा कधी ऐकलं नाही. त्यांना त्याची गरज उरली नाही. मला वाटलं होतं की ते वाक्य गेलं तर मामाजी रिकामे होतील. तसं काही झालं नाही, उलट त्यांनी अंगावर जरा मांस धरलं.

मामाजी आधी गेले. त्या वर्षीच्या खांदशेकणीला पाट मी मांडला. तूप कोमट केलं, पान घेतलं, आणि ते बैलाच्या खांद्यावर नुसतं धरून बसले. भिंतीपलीकडून काकाजींचा आवाज आला. "सुमन, माहा बैल कसा हाय?"

"बरा हाय जी," मी म्हटलं. माहेरी आमच्या घरी ही बोली बोलत नसत. पण त्या वेळी तीच आली.

"अन् दादाचा इथं मजेत हाय म्हणून सांगजो त्याले."

"सांगते जी."

मी आत जाऊन मामाजींच्या फोटोपुढे उभी राहिले आणि सांगितलं. सासूबाई कॉटवर बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं. मग बाहेर येऊन आवतन दिलं, आणि पलीकडून "येतो" आलं.

आता काकाजी नाहीत, सासूबाई, काकीजी नाहीत. हे रिटायर होऊन घरी असतात आणि ओसरीवरच्या बैलांना अजून नावं ठेवतात. अजून कुणी कुणी जुना बैल घेऊन येतं, वर्षाला एखाद-दुसरा, बहुधा नातवाला घेऊन आलेला एखादा पोक्त माणूस, जो लहानपणी माझ्याच ओसरीवर रडत उभा होता. चष्मा लावून बैलांचे डोळे रंगवते. हात अजून हलत नाही, फक्त श्वास जास्त वेळ रोखता येत नाही. काळा बैल आमच्या फडताळात आहे. तांबडा काकाजींच्या मुलाकडे नागपुरात, त्याच्या काचेच्या कपाटात, जिथे मी गेले की आधी त्याच्यावरची धूळ पदरानं पुसते.

एक बदल मी केला आहे. काळ्याला नवा हात देताना खांद्याची जागा सोडते. तिथे रंग देत नाही. तूप पिऊन पिऊन ते सागाचं लाकूड आता इतकं गुळगुळीत झालं आहे की कुठलाही रंग त्यापुढे फिका पडेल.

उद्या खांदशेकणी. पळसाची पानं आणून ठेवली आहेत. दिवेलागणीला तूप कोमट करायला ठेवलं की फोन वाजेल, दरवर्षी वाजतो. मी हात पदराला पुसून उचलीन, आणि तिकडून माझा पन्नाशी उलटलेला चुलतदीर म्हणेल, "वहिनी, आमचा बैल कसा आहे?"

मी म्हणेन, "मजेत. तू आवतन घे आधी."